माणसं कापलेलं चित्र

सकाळी फोनवर एका टॉवरची जाहिरात आली. उंच जगा, शहराच्या वर राहा वगैरे. मागचं चित्र ओळखलं आणि डोकंच फिरलं. इटालियन चित्रकार उंबेर्तो बोच्चोनीचं १९१० सालचं 'द सिटी रायझेस'! खालचा अर्धा भाग सरळ उडवलेला. म्हणजे राबणारी सगळी माणसं गायब. उरल्या मागच्या परांच्या, धुराडी आणि लाल घोड्याची मान.

न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मी बाबांना हे चित्र दाखवायला नेलं होतं. बाबांचा जन्म सेंट्रिंगच्या कामात गेला. बाकीच्या चित्रांपुढून ते भराभरा पुढे गेले, इथे मात्र थांबले. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद कॅनव्हास. मी आपली सांगत सुटले, फ्युचरिझम म्हणजे यंत्रयुगाचे गोडवे गाणारी बोच्चोनीची कलाचळवळ, वेग, वीज, कारखाने. त्यांचं लक्षच नव्हतं. "हा बघ गं, कसा रेललाय. जनावर आवरत नाहीये त्याला. सुटलं तर पहिला हाच खाली."

बोच्चोनीनेही तेच रंगवलंय हो! मिलानच्या वेशीवर नवं शहर उभं राहत होतं, ते त्याने पाहिलं. घोड्याच्या गळ्यातला निळा साज पंख्याच्या पात्यासारखा भिरभिरतोय आणि त्याच्याखाली माणसं तिरकी होऊन ओढतायत. १९११ साली मिलानमध्ये हे चित्र पहिल्यांदा लागलं तेव्हा त्याचं नाव 'श्रम' होतं. ते नाव असलेल्या चित्रातून तुम्ही मजूर कापता?

हो, माहितीये, फ्युचरिझम सुरू करणाऱ्या कवी मारिनेत्तीच्या १९०९च्या जाहीरनाम्यात युद्धाचे गोडवे आहेत. बोच्चोनीही हौसेने सैन्यात गेला आणि १९१६ साली सरावात घोड्यावरून पडून मेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. चित्रातल्या माणसांना धड चेहरेही नाहीत, तेही कबूल. पण बाबांना चेहरे लागले नाहीत. ते पाय बघत होते, कोण कुठे जोर लावतोय ते. जवळ गेलं की नुसते लाल-निळे फटकारे दिसतात. चार पावलं मागे सरलं की पाठी दिसायला लागतात. बाबा असे कितीतरी वेळ मागे-पुढे करत होते. इतकं मन लावून चित्र बघताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

त्यांनी सेंट्रिंग केलेल्या एकाही इमारतीच्या उद्घाटनाच्या फोटोत ते नाहीत. तिथेही असंच कापलं. आता शंभर वर्षांपूर्वीच्या मजुरांनाही सोडणार नाही का?

जाहिरातीखाली मी लिहून आलेय. तुम्हाला ती दिसली तर तुम्हीही लिहा. लावायचं तर पूर्ण चित्र लावा म्हणावं, नाहीतर दुसरं शोधा.