‘सर्वांत वेगवान मोटर लावा’ म्हणणाऱ्या संदेशाविषयी

वडोदऱ्यातील दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश सतत फिरतो आहे. एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेतील रोबोला सर्वांत जास्त आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला सर्वांत जास्त फेरे घेणाऱ्या मोटरी लावा, चाके मोठी घ्या, रोबो आवरत नसेल तर प्रोग्रॅममधून वेग कमी करा आणि फ्यूज उडू लागला तर जास्त अँपिअरचा बसवा, असे त्यात म्हटले आहे. त्यावर भरवसा ठेवून माझी भाची आणि तिच्या शाळेतील मुले वर्गणीच्या पैशांतून १,१५० आरपीएमच्या चार मोटरी मागवायला निघाली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

फ्यूजचा सल्ला निव्वळ धोकादायक आहे. बॅटरीतील २० अँपिअरचा फ्यूज वायर आणि बॅटरी वाचवण्यासाठी असतो. त्याजागी मोठा बसवणे नियमात बसत नाही आणि वायर तापून आग लागू शकते. फ्यूज वारंवार उडतो, याचे एक मोठे कारण गिअरिंग, म्हणजे मोटरीचा वेग आणि जोर यांचे गिअरने बसवलेले प्रमाण, चुकलेले असणे हेच असते.

रोबोचे सुटे भाग बनवणाऱ्या गोबिल्डा कंपनीच्या मोटरींचा तक्ताच पाहावा. १,१५० आरपीएमच्या मोटरीचा स्टॉल टॉर्क, म्हणजे मोटर अडून थांबते तेव्हाचा तिचा फिरवण्याचा जोर, ७.९ किलो-सेंटिमीटर आहे. ९६ मिलिमीटरच्या चाकावर चार मोटरी मिळून जेमतेम साडेसहा किलोचा जोर देतात. रोबो पंधरा किलोचा असेल आणि फोमच्या फरशीवर चाकांची पकड वजनाइतकी धरली, तर समोरच्या रोबोला भिडताच चाके घसरणार नाहीत, मोटरीच अडतील. आणि अडलेली प्रत्येक मोटर ९.२ अँपिअर, म्हणजे चौघी मिळून सुमारे ३७ अँपिअर ओढेल. ३१२ आरपीएमच्या मोटरीचा टॉर्क २४.३ आहे. तिथे जोर वीस किलोपर्यंत जातो, त्यामुळे मोटर अडण्याआधी चाक घसरते. शिवाय मैदान बारा फूट लांब आणि तेवढेच रुंद! कागदावरचा सेकंदाला पावणेसहा मीटरचा वेग दोन मीटरच्या फेरीत निम्म्यापर्यंतही पोचत नाही, कारण लगेच थांबायचे असते.

प्रोग्रॅममधून वेग कमी केला की मोटरीला मिळणारा व्होल्टेज घटतो आणि त्याबरोबर जोरही घटतो. गिअर वेग कमी करून जोर वाढवतो. ते काम कोणताही कोड करू शकत नाही. मोठ्या चाकांचेही तसेच: वेग वाढतो तेवढा जोर कमी होतो.

संदेशात एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती नाइलाजाने मान्य करतो. अतिसंथ रोबोही हरतो, आणि गिअरच्या प्रत्येक टप्प्यात थोडी शक्ती वाया जाते. म्हणून हलक्या रोबोला ४३५ आरपीएमची, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ मीटर वेग देणारी मोटर योग्य ठरू शकते. भाचीच्या संघाने आधी रोबोचे वजन करावे, पकडीचा हिशेब मांडावा आणि मगच मोटरी मागवाव्यात. रोबो तयार झाल्यावर तो भिंतीला टेकवून क्षणभर पूर्ण जोर द्यावा: चाके जागीच फिरली तर गिअरिंग बरोबर, थांबली तर रिडक्शन, म्हणजे गिअरने वेग कमी करण्याचे प्रमाण, वाढवावे.