वडिलोपार्जित वाडा राहण्यायोग्य कसा करावा

पूर्वजांनी बांधलेला वाडा आपल्या वाट्याला आला असेल आणि तो ‘राहण्यायोग्य’ करण्याची इच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. कारण ज्या घरात पाच पिढ्या जन्मल्या, नांदल्या आणि म्हाताऱ्या होऊन गेल्या, ते राहण्यायोग्य नाही हे ओळखायला वेगळीच दृष्टी लागते. आमच्या थोरल्या चुलतबंधूंना ती लाभलेली आहे. वाईच्या आमच्या वाड्यात त्यांनी मागल्या उन्हाळ्यात आधुनिक सुखसोयी आणल्या. त्यांचे फळ मी या श्रावणात पाहून आलो, आणि त्यांची पद्धत इतरांच्याही उपयोगी पडावी असे मला तेव्हापासून फार वाटते आहे.

कामाची सुरुवात मोडतोडीपासून करावी.

मोजमापे, नकाशे आणि इतर हिस्सेदारांची संमती यांत वेळ दवडू नये.

सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकावेत. पुढे ते महामार्गावरच्या एखाद्या ‘पारंपरिक’ भोजनगृहात रोषणाईखाली दिसतील, तेव्हा तिथे थांबून मुलांना आपली संस्कृती दाखवता येते.

कडीपाट दिसू नये म्हणून खाली फॉल्स सीलिंग करून घ्यावे. कौले कोठे गळतात आणि वाळवी कोठवर पोहोचली, हे त्यामुळे कळत नाही आणि झोप शांत लागते.

आता गिलावा. आपल्या वाड्याच्या भिंती घडीव दगडाच्या जोत्यावर पांढऱ्या मातीने आणि कच्च्या विटांनी रचलेल्या, दोन-अडीच फूट रुंद आणि वरून चुन्याने लिंपलेल्या असतील. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्यावाटे ती हवेत सोडून देते. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार चालतो. कंत्राटदाराला हे पाहवत नाही. “चुना कोण लावतो आता? सिमेंट मारू, पन्नास वर्षे बघायला नको,” असे तो म्हणेल, आपण मान डोलवावी. नाना फडणवीस १८०० साली वारले आणि पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली निघाले, तरीही मेणवलीचा त्यांचा वाडा कृष्णेच्या काठी अजून उभा आहे, हा निव्वळ योगायोग समजावा. सिमेंटने कोंडलेली ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती आणखी वर चढते. आमच्या माजघरात मी भिंतीवर बोटे वाजवली तर आवाज पोकळ आला. परातीएवढा पापुद्रा सुटून हातात आला आणि त्यामागून ओली माती व पांढरे क्षार भुरभुर गळू लागले. तुळईचे जे टोक त्या भिंतीत शिरलेले आहे, त्यावर वाळवीच्या मातीच्या रेघा होत्या. त्याच तुळईवर माडीचा सगळा भार आहे, आणि माडीवर नवे न्हाणीघर आहे, आणि न्हाणीघराचा पाइप ठिबकतो आहे!

यावर कंत्राटदाराचा तोडगा असा की, कौले काढून स्लॅब टाकावा. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते, आणि ते पेलायला खाली ही भिजलेली माती!

अहो दादा, न्हाणीघरच हवे होते ना? परसात जागा पडून होती. वाड्याला न टेकवता, स्वतंत्र जोत्यावर दोन खोल्या बांधायच्या आणि मागच्या पडवीतून छप्पर असलेली वाट काढायची. गरम पाणी, कमोड, वॉशिंग मशीन, सगळे तिथे मावले असते आणि एका तुळईलाही धक्का लागला नसता. तुम्हाला वाडा नको होता, फ्लॅट हवा होता, आणि तो तुमच्याकडे कोथरूडला आहेच. आता निदान पुढच्या पावसाआधी ते सिमेंट खरवडून काढा, तुळईची टोके उघडी करून वाळू द्या आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणा. तो मिळत नाही, ही सबब सांगू नका. तुम्ही कोणाला विचारलेलेच नाही.