धर्माची गोधडी

जुन्या साड्यांची गोधडी फुकटात होते, असे ज्याने प्रथम सांगितले त्याने स्वतः कधी सुईत दोरा ओवला नसावा. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून रुग्णालयातल्या वृद्धांना गोधड्या द्यायचे आमच्या सोसायटीतल्या महिला मंडळाने ठरवले. मी निवृत्त हिशेबनीस. मला केवळ खर्च टिपायला बोलावले होते. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात सुई होती.

कापडे मागितली तेव्हा जॉर्जेट, पडदे आणि टिकल्यांचा एक घागरा जमला. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे मात्र कोणाच्याही कपाटातून सुटेना. साडेपाच मीटरच्या साडीतून सव्वादोन मीटरचे दोन थर निघतात आणि मीटरभर उरते, एवढे गणित मला जमले. परंतु कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात ती ही वस्तू कडेपासून आत आत धावदोरा घालत शिवायची असते, त्यामुळे शिवणारा हळूहळू आपल्याच कामावर चढून बसतो आणि त्याच्या बुडाखालचे थर निवांतपणे सुरकुततात.

चौथ्या रात्री सुया मोजल्या, तर सातऐवजी सहाच भरल्या. “आजाऱ्याला सुया टोचायला तिथे पगारी माणसे आहेत, ते काम आपल्या गोधडीने करायला नको,” असे सौभाग्यवतींनी बजावले. फ्रिजच्या दारावरचे लोहचुंबक मी गोधडीवरून दोन्ही बाजूंनी फिरवले. निऱ्यांची एक गंजकी सेफ्टी पिन तेवढी हाती लागली. अखेर चार दिवसांचे टाके उसवले आणि सुई न सापडताच सारे पुन्हा शिवले. दोऱ्याची रिळे ८० रुपये, बोटाच्या पट्ट्या ४०, रिक्षा १२०. एवढ्यात नवी चादर आली असती, असे मी वहीच्या समासात नोंदवले. ते कोणीतरी खोडले आहे.

शिवणकामासाठी राखून ठेवलेल्या त्याच शर्टानिशी मी गोधडी घेऊन रुग्णालयात गेलो. मोतीबिंदू काढून दोनच दिवस झालेल्या एका आजींनी ती चाचपली, माझ्या वीतभर टाक्यांवरून बोट फिरवून सुस्कारा सोडला आणि उघड्या डोळ्याने माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, “बाळा, कॉलरला अशी सुई खोचून हिंडू नये रे, मानेत शिरेल.”