“जुनं नाणं विका, लखपती व्हा”: त्या मेसेजची एकेक ओळ

दर काही महिन्यांनी हा मेसेज नव्याने फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: “घरात जुनी नाणी पडली आहेत? वैष्णोदेवीचं नाणं १० लाख, ट्रॅक्टरवाली ५ची नोट ५ लाख, ७८६ नंबरची नोट ३ लाख, १८८५चा राणीछाप रुपया थेट १० कोटी! नाणं जितकं जुनं तितका भाव जास्त. चकाचक घासून दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त खरेदी. कर नाही, कागदपत्रं नाहीत. नुकतंच एक नाणं १३८ कोटींना गेलं!” खाली मोबाइल नंबर आणि हात जोडलेले दोन इमोजी.

ज्याच्याकडे विकायला काही नाही, तो हसून पुढे जातो. फटका बसतो तो खरा संग्रह असणाऱ्यांना. वडील गेले, त्यांचे अल्बम कपाटात आहेत, मुलं बाहेरगावी, घर रिकामं करायचंय, अशा घरांत हा मेसेज पोचतो आणि तिथे तो खरोखर नुकसान करतो. म्हणून ओळीओळीने बघू.

“रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त खरेदी”

सुरुवात इथून, कारण पैसे इथेच जातात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते वसूल करायचा अधिकार तिने कुठल्याही संस्थेला, कंपनीला वा माणसाला दिलेला नाही. याहून स्पष्ट काय सांगायचं?

तरी लोक अडकतात, कारण जाळं हळूहळू आवळलं जातं. फोटो पाठवला की फोन येतो: “सर, आपलं कॉइन पास झालंय.” मग नोंदणीचे काही शे रुपये. ते भरले की जीएसटी. मग ‘एनओसी’. मग पैसे घेऊन येणाऱ्या गाडीचा विमा. दर वेळी शिक्का मारलेलं पत्र येतं, दर वेळी रक्कम वाढते आणि आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो.

खरा नाणेवाला कसा वागतो ते सांगतो. तो नाणं कडेला धरून उचलतो, भिंग लावतो, काट्यावर ठेवतो, नाक मुरडतो. “कड घासलीय,” “इथे खरवडलंय,” “हे तर खूप येतं हो,” असं म्हणत भाव पाडायचा सगळा उद्योग करतो आणि मग खिशात हात घालतो. नाणं हातात न घेता दहा लाख कबूल करणारा आणि वर तुमच्याकडेच पैसे मागणारा माणूस गिऱ्हाईक असूच शकत नाही.

“वैष्णोदेवी १० लाख, ट्रॅक्टर ५ लाख, ७८६ला ३ लाख”

वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ची. ती व्यवहारासाठीच काढली होती, तुमच्या-आमच्या चिल्लरीत येऊन गेली आहेत आणि आजही चलनात आहेत. ट्रॅक्टरची नोटही तशीच. दुकानदार कुरकुर करेल, पण ती पाच रुपयांची कायदेशीर नोट आहे.

७८६चं गणित तर घरबसल्या करता येतं. नोटेवर अक्षरांच्या पुढे सहा आकडे असतात, म्हणजे एका अक्षरमालिकेत साधारण १० लाख नोटा. त्यात कुठे ना कुठे ७८६ येणारे क्रमांक जवळजवळ चार हजार. अशा मालिका किती निघत असतील, विचार करा. ७८६७८६ असा अख्खा क्रमांक असलेल्या कोऱ्या नोटेला हौशी माणूस दर्शनी किमतीच्या वर पैसे देतो, हे खरं आहे. तीन लाख? नाही.

“पण ऑनलाइन तर हीच किंमत लावलेली दिसते!” लावलेली दिसते, बरोबर. लावायला काय जातं? मी माझ्या जुन्या स्कूटरला एक कोटी लावू शकतो. विकल्यावर हातात आलेली किंमत बघायची असेल तर लिलावांचे निकाल बघा. मुंबई, बंगळुरू, अहमदाबाद इथे नाण्यांचे रीतसर लिलाव होतात, त्यांचे कॅटलॉग आणि कुठला नग कितीला सुटला त्याचे आकडे बघायला मिळतात. मेसेज वाचण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या थोडा जास्त वेळ तिथे घालवला तरी डोकं जागेवर येतं.

“जितकं जुनं, तितका भाव जास्त”

या ओळीवर मात्र थांबायला हवं, कारण ती भल्याभल्यांना खरी वाटते.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर आपला छाप मारला होता. एकाच नाण्यावर हरलेल्या राजाचा चेहरा आणि जिंकलेल्याची निशाणी. आपल्या इतिहासाचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. जवळजवळ दोन हजार वर्षांचं वय. पण नहपानाची नाणी मुळात मुबलक सापडल्यामुळे त्यांच्यासाठी कोणी बंगला विकत नाही.

आता उलट बाजू. सहाव्या जॉर्जचा १९३९चा चांदीचा रुपया. शंभर वर्षांचाही नाही. पण अगदी थोडे टिकले, म्हणून संग्राहक त्यासाठी झुरतात, आणि म्हणूनच त्याचे बनावट नगही फिरतात. त्याच राजाचे १९४० ते १९४५चे रुपये अर्ध्याच चांदीचे आहेत आणि ते पसाभर मिळतात.

मेसेजमधला १८८५चा राणीछाप रुपया? टांकसाळींनी तो प्रचंड संख्येने पाडला. १८६२चा तर त्याहून गमतीदार: तेच साल कोरून तो रुपया १८७४पर्यंत पाडला जात होता, फक्त नाण्यावरच्या बारीक ठिपक्यांची संख्या बदलत गेली. आजीच्या डब्यात तो निघतो यात नवल काहीच नाही. अशा रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे तोळा, आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १०.७ ग्रॅमच्या आसपास. त्या दिवसाचा चांदीचा भाव घ्या, गुणाकार करा. झिजलेल्या साध्या राणीछाप रुपयाची किंमत याच आकड्याच्या आगेमागे असते. चांगल्या स्थितीतला असेल, ठिपक्यांचा एखादा दुर्मीळ प्रकार असेल तर वर जाते.

मधे येतो १९११चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरच्या हाराला जो हत्ती लटकतो तो छापात डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली आणि १९१२मध्ये सुधारलेला साचा आला. या ‘डुक्कर छाप’ रुपयाला त्याच राजाच्या इतर रुपयांपेक्षा भाव जास्त मिळतो, पण कोटींशी त्याचा काही संबंध नाही.

थोडक्यात, वय हा एक आकडा. किती नग उरले, कुठल्या स्थितीत उरले आणि ते हवे असणारी माणसं आज किती, या तिन्हींचा हिशेब झाल्यावर किंमत ठरते. तिसरा मुद्दा लोक विसरतातच. जगात एकच नग असलेलं पण कोणालाच नको असलेलं नाणं स्वस्तच जातं.

“नुकतंच एक नाणं १३८ कोटींना गेलं”

हे खरं आहे! फक्त ते नाणं तुमच्या आजीच्या डब्यात असण्याची शक्यता शून्य आहे. जून २०२१मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात १९३३चं अमेरिकेचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना गेलं. ही नाणी ४,४५,५०० पाडली होती, पण त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने लोकांकडचं सोनं काढून घेतलं आणि ती चलनात आलीच नाहीत. जवळजवळ सगळी वितळवली. टांकसाळीतून जी थोडी बाहेर सटकली ती सरकारने पुढे शोधून शोधून जप्त केली. खाजगी माणसाला कायदेशीरपणे बाळगता येईल असं एकच उरलं, जे एके काळी इजिप्तच्या राजा फारूककडे होतं. म्हणजे जुनेपणाने भाव येतो हे दाखवायला मेसेजवाल्याने जे नाणं निवडलं, ते शंभरीच्याही अलीकडचं.

“चकाचक घासून फोटो पाठवा”

फसवणुकीच्या ओळी पैसे नेतात, ही ओळ संग्रहच नेते.

ओळखीतल्या एका काकूंचं उदाहरण. काकांनी आयुष्यभर जमवलेली नाणी. प्रत्येक नाणं खाकी पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीने बारीक अक्षरात राजा, साल, टांकसाळ, कोणाकडून आणि कितीला घेतलं. काका गेल्यावर हा मेसेज आला आणि भाच्याने उत्साहाने कामाला हात घातला. मी गेलो तेव्हा टेबलावर स्टीलचा डबा होता आणि डब्यात सगळी नाणी एकत्र, नवीन भांड्यासारखी लखलखत. काकू म्हणाल्या, “पितांबरीने दोन दिवस घासली रे त्याने. तांब्याची होती ती चिंचेत घातली. छान निघालीत ना?” पाकिटं? “कळकट झाली होती, रद्दीत गेली.”

भिंग लावलं. राणीच्या गालावर, मुकुटावर, अक्षरांच्या आत सगळीकडे गोल गोल बारीक ओरखडे. चांदीवर शंभर वर्षांत जो करडा-निळसर थर चढतो तो नाण्याच्या अस्सलपणाची साक्ष असतो, जाणकार आधी तोच बघतो. तो गेला की नाणं ‘घासलेलं’ ठरतं आणि त्याचा भाव चांदीच्या वजनाकडे घसरतो. तांब्याच्या शिवराया तर भडक गुलाबी झाल्या होत्या. त्यांच्यावरचं ‘श्री राजा शिव’ आधीच पुसट, ते आणखी गेलं. आणि पाकिटांबरोबर कुठलं नाणं कुठून आलं ही सगळी माहितीही गेली. काकूंना हे सगळं तोंडावर सांगवेना. “आता आणखी घासू नका” एवढंच म्हटलं.

लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायचे दोन रुपये घासा, तो घरचा रिवाज आहे. विकायचं नाणं मात्र पाण्याखालीही धरू नका. माळेत ओवायला कडी डाग देऊन लावलेल्या नाण्यांचंही तसंच: ती कडी काढायला जाऊ नका, तो सांधा सोडवताना नाणं आणखी बिघडतं.

“ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबार नाणं असल्यास त्वरित संपर्क साधा”

काही आवृत्त्यांत ही शेपूट जोडलेली असते. १६१६, १७१७, १८१८ अशी सालं आणि रामदरबार, हनुमान किंवा कमळ असलेले कंपनीच्या नावाचे ‘आणे’ कंपनीने कधी पाडलेच नाहीत. ते देवळाबाहेर विकले जाणारे बिल्ले. तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी नाणं, ज्याला ‘राइस पुलर’ म्हणतात, तो तर शुद्ध ठगांचा धंदा. आणि शिवरायांचा सोन्याचा होन इतका दुर्मीळ आहे की कोणी तुम्हाला तो गडाच्या पायथ्याशी विकला असेल, तर तो काय आहे हे सांगायला तज्ज्ञ नको.

“कर नाही, कागदपत्रं नाहीत”

कर आहे. नाणी म्हणजे घरगुती वापराची वस्तू, त्यामुळे नफ्यावर कर नाही, असा युक्तिवाद पूर्वीच होऊन गेलाय. एका माजी संस्थानिकाने सोन्याची आणि चांदीची नाणी आम्ही महालक्ष्मीच्या पूजेत ठेवतो, म्हणून ती वैयक्तिक वापराची, असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये ते मानलं नाही. तेव्हा संग्रह मोठा असेल तर विकण्याआधी सीएला विचारा, आणि मूळ खरेदीच्या पावत्या, अगदी काकांसारख्या पेन्सिलीच्या नोंदीसुद्धा, सांभाळून ठेवा.

कागदपत्रंही आहेत. नाणं शंभर वर्षांचं झालं की १९७२च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतं, आणि ही रेषा दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. शेतात नांगरताना हंडा सापडला तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं; फोटो काढून मेसेजवाल्याला पाठवणं महागात पडेल. बाद झालेल्या ५००-१०००च्या नोटाही काही मेसेजांत ‘लाखात’ मागतात. २०१७च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी २५पर्यंत मुभा.

मग विकायचं कुठे? आधी पाकिटं जशीच्या तशी ठेवून यादी करा: दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, साल. एकाच व्यापाऱ्याकडे न जाता दोघा-तिघांना दाखवा. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एका छताखाली अनेक जण भेटतात. व्यापारी लगेच रोख देईल, पण त्याचा नफा काढून. लिलावात भाव जास्त मिळू शकतो, पण कमिशन कापलं जातं आणि पैसे हातात यायला महिने जातात. “यातले चार नग घेतो, बाकी राहू द्या,” असं कोणी म्हणालं की सावध व्हा. ते चारच बहुधा संग्रहाचा जीव असतात आणि उरलेले मग मोडीच्या भावातच जातात. एकगठ्ठा देणार असाल तर त्या चारांचा भाव वेगळा लावून घ्या.

आणि “अमेरिकेत जास्त मिळतात, तिकडच्या पुतण्याबरोबर पाठवून द्या,” हा सल्ला मेसेजमध्ये नसला तरी नातेवाईक देतातच. शंभर वर्षांवरचं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि शिक्षेत तुरुंगवास आहे. पुतण्याला सुट्टीत बोलवा, संग्रह दाखवा, हवं तर त्यातलं एखादं त्याच्या नावाने इथेच ठेवा. बॅगेत मात्र फराळच भरून द्या.