‘मेंदूज्वराची लस झालीय’ म्हणजे नेमकी कुठली?

गेला पंधरवडा एक मेसेज आधी आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला, मग गल्लीच्या, मग शाळेच्या पालकांच्या. सुरुवात ‘पालकांनो, फसू नका!’ अशी, शेवटी जोडलेले हात. मधला मजकूर थोडक्यात असा: मेंदूज्वराची लस लहानपणीच होते आणि जन्मभर पुरते. दहावीला शाळेत पुन्हा टोचतातच. हा रोग आफ्रिकेतला, आपल्याकडे नाही. झालाच तर सलाईन-इंजेक्शननं बरा होतो. वयात आलेल्या पोरांना ही लस द्या म्हणणं हा परदेशी जाणाऱ्यांना लुटायचा धंदा आहे. आणि जुनी कार्डं जपत बसू नका, सगळं सरकारच्या कॉम्प्युटरात आहे.

मी डॉक्टर नाही. पण बहिणीच्या मुलाचा अमेरिकेत प्रवेश झाला तेव्हा या एका लशीपायी बेळगाव ते गडहिंग्लज खेपा घातल्या आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘लहानपणीच होते.’ सगळ्या घोटाळ्याचं मूळ या एका शब्दात आहे. मराठीत मेंदूला सूज आली तरी मेंदूज्वर आणि मेंदूभोवतीच्या आवरणाला आली तरी मेंदूज्वर. कानडीतही तीच गत. ‘मेदुळु ज्वर’ म्हटलं की सरकारी दवाखान्यातली सिस्टर बहुतेक वेळा जपानी मेंदूज्वराचं बोलत असते. तो डासांमुळे पसरणारा विषाणूचा आजार, त्याची लस ‘जेई’. परदेशी विद्यापीठं विचारतात ती मेनिंजायटिसची, म्हणजे आवरणाच्या सुजेची, त्यातही मेनिंगोकोकस नावाच्या जिवाणूची. जेईचा तिथं काडीचा उपयोग नाही. भाच्याच्या कार्डावर जेई होती आणि बहीण शपथेवर सांगत होती, ‘झालीय गं, मी स्वतः नेलं होतं.’ नेलं होतं खरं. पण त्याच्या फॉर्मवर मेनिंगोकोकसच्या चार गटांची, म्हणजे ए, सी, डब्ल्यू आणि वाय यांची लस मागितली होती, आणि तारीख सोळावं वर्ष पूर्ण झाल्यानंतरची.

बरं, मेनिंजायटिसही एकाच जंतूनं होत नाही. लहानपणच्या सरकारी लशींपैकी तीन त्याच्याशी नातं सांगतात: बीसीजी, म्हणजे क्षयाच्या जंतूनं लहान मुलांना होणाऱ्या मेनिंजायटिसवरची, पाच लशी एकत्र असलेल्या पेंटाव्हॅलंटमधली हिब (हिब नावाच्या जिवाणूवरची), आणि न्यूमोकोकस या जिवाणूवरची पीसीव्ही. आता सालं बघा. पेंटाव्हॅलंट कर्नाटकात २०१३ च्या सुमारास सुरू झाली, महाराष्ट्रात त्याच्याही नंतर. पीसीव्ही सरकारी यादीत देशभर आली ती २०२१ मध्ये. म्हणजे आज अकरावी-बारावीत असलेल्या पोरांच्या सरकारी कार्डावर या तिघींपैकी बीसीजी तेवढी हमखास सापडेल. (हिबसाठी आता धावपळ नको, तो मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांचा आजार.) मेनिंगोकोकसची लस मात्र देशाच्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात मुळातच नाही. आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या इकडचे असू नाहीतर तिकडचे, कुणाच्याही तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डावर, ती आपोआप येत नाही. खासगी डॉक्टरांकडे पैसे मोजून घेतली असेल तरच झालेली असते.

‘जन्मभर पुरते’ हेही खोटं. अमेरिकेत २००५ मध्ये ही लस अकराव्या-बाराव्या वर्षी द्यायला सुरुवात झाली. पाचेक वर्षांत तिचा जोर उतरतो हे लक्षात आल्यावर २०१० मध्ये सोळाव्या वर्षी दुसरा डोस जोडला गेला. फॉर्मवर सोळाव्या वर्षानंतरची तारीख का मागतात, ते यातून समजतं. लहानपणी कुणी हौसेनं दिलीही असली तरी ती इथं चालत नाही.

‘दहावीला टोचतातच.’ टोचतात ती टीडी, धनुर्वात आणि घटसर्पावरची. सरकारी वेळापत्रकात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. चांगली लस आहे, चुकवू नका. मेंदूच्या आवरणाशी तिचा संबंध नाही.

‘आफ्रिकेतला रोग.’ सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात याच्या मोठ्या साथी येत, हे खरंच आहे. पण दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये साथी आल्या, मेघालयात २००८ मध्ये आली. आणि गंमत बघा, आफ्रिकेतल्या ए गटाच्या साथी ज्या लशीनं आटोक्यात आणल्या ती आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. २०१० मध्ये ती तिकडं वापरात आली. ‘तिकडचा रोग’ म्हणून ज्याला हात झटकतो त्याच्यावरचं औषध बेळगावहून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर बनतं.

‘सलाईन-इंजेक्शननं बरा होतो.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. अँटिबायोटिक चालतं, पण वेळेत मिळालं तर. हा आजार सकाळी तापानं सुरू होऊन दुसऱ्या सकाळपर्यंत माणूस नेऊ शकतो. उपचार मिळूनही दहातला साधारण एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांत कुणाचा कान जातो, कुणाला फिट येतात, कुणाचा हातपाय कापावा लागतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात अंगणातून गाडी बाहेर काढायलाच अर्धा तास लागतो, तिथं ‘बघू उद्या सकाळी’ ही चैन परवडत नाही. जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, उजेड सहन न होणं, हनुवटी छातीला न टेकणं, किंवा अंगावर काचेचा पेला दाबला तरी न मावळणारे लाल-जांभळे ठिपके यांतलं काही दिसलं की थेट मोठा दवाखाना. सावळ्या अंगावर ठिपके पटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू बघायची. लस घेतलेल्यालाही हे लागू, कारण चार गटांची लस बी गटाला अडवत नाही.

आता ‘धंदा’. इथं मेसेजवाल्याच्या पदरात थोडं माप टाकायला हवं. खासगीत या लशीच्या एका डोसला काही हजार रुपये पडतात, आणि प्रत्येक मुलाला ती द्याच असं आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणत नाही. ती जोखमीच्या मुलांची नावं घेते: ज्यांची पाणथरी काढली आहे किंवा नीट काम करत नाही, ज्यांच्या प्रतिकारशक्तीत काही ठरावीक उणिवा आहेत, जी साथीच्या जागी आहेत, जी शिकायला परदेशी निघाली आहेत. सिकलसेलमध्ये पाणथरी निकामी होते, म्हणून तशा पोराच्या आईनं हा परिच्छेद दोनदा वाचावा. पण ‘लुटायला काढलेली’ म्हणाल तर आपल्याच गल्लीतून हजला जाऊन आलेल्या चाचांना विचारा. सौदी अरेबिया या लशीच्या दाखल्याशिवाय यात्रेकरूला येऊ देत नाही, आणि ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली लागते. १९८७ च्या हजमध्ये साथ पसरली, त्यातून आलेलं शहाणपण आहे ते. जिथं माणसं दाटीनं राहतात, एका पेल्यानं पाणी पितात, तिथं हा जंतू नाकाघशातून पसरतो. दहातला एखादा निरोगी माणूस तो घशात बाळगून हिंडत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. अमेरिकी सैन्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नव्या रंगरुटांना लस देतात ती याच कारणानं. मराठा रेजिमेंटच्या सेंटरच्या गावात, आमच्या बेळगावात, बराकीतली दाटी काय असते हे वेगळं सांगायला नको.

राहिलं कार्ड. ‘सगळं कॉम्प्युटरात आहे’ हे दोन वर्षांच्या बाळाबद्दल बऱ्याच अंशी खरं असेल. यू-विन, म्हणजे लशींची सरकारी ऑनलाइन नोंद, देशभर आलं २०२४ च्या आसपास. आज सतरा वर्षांचा असलेला मुलगा जन्मला तेव्हा ते नव्हतं. त्याची नोंद कागदावर आहे, आणि आपल्या भागात तो कागद एका जागी नसतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्माच्या लशी गडहिंग्लजला किंवा चंदगडला मराठी कार्डावर. दीड महिन्यानं सासरी आल्यावर पुढच्या लशी निपाणी-खानापूरच्या केंद्रात कानडी कार्डावर. मधल्या एक-दोन खासगी दवाखान्यात, त्या कुठल्याच कार्डावर नाहीत. नाव एकीकडे आईच्या माहेरच्या आडनावानं, दुसरीकडे कानडी अक्षरात नुसतं ‘बेबी ऑफ’. भाच्याचं मराठी कार्ड शेवटी आजीच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात निघालं. कानडी कार्डाच्या घडीवरची शाई उडाली होती.

तेव्हापासून मी घरातल्या दोन्ही मुलींचं एक कोरं पान केलंय. लशीचं नाव पूर्ण अक्षरात, ‘मेंदूज्वर’ असं मोघम नाही. कंपनीचं नाव, बॅच नंबर, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का. कुपीवरचं स्टिकर मागून घेऊन तिथंच चिकटवते. दोन्ही जुन्या कार्डांचे पुढून-मागून फोटो काढून ठेवलेत.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मेसेज ज्यांनी टाकला होता त्या दाजींनी वाद घातला नाही, रात्री त्यांच्या मुलीच्या कार्डाचा फोटो पाठवला. ती जूनमध्ये हॉस्टेलला जाणार आहे, धारवाडला. पोलिओ, डीपीटी, गोवर, खाली वेगळ्या पेनानं जेई.

‘यातली कुठली गं ती?’

‘यात नाहीये, दाजी. तिला लागेल असंही नाही, पण ते तिच्या डॉक्टरांना विचारा. जाताना हे कार्ड घेऊन जा.’

‘बरं. मग तो मेसेज काढून टाकू का?’

काढता येत नव्हता, दोन दिवस उलटून गेले होते.