गाडी कशाची आहे जी?

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे आणि तिथे समुद्र नाही. या तालुक्यात मी 29 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. भरती-ओहोटीचा धडा आला की मागचं एखादं पोट्टं हमखास विचारायचं, ‘गुरुजी, तुमी पाह्यला काय समुद्र?’ मी म्हणायचो, ‘पुढचं वाच.’ नारळ मात्र आमच्या तालुक्यात आहेत. गिरडच्या टेकडीवर. दगडाचे. बाबा फरीदांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, त्यात नारळही होते, असं लोक सांगतात आणि तसले गोल दगड दाखवतात. एवढ्या भांडवलावर मी भूगोल शिकवला.

बायकोनं ही गोष्ट मनात धरून ठेवली होती. मी रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी, निरोपाचा हार अजून खुंटीवर सुकायचा होता, तेव्हा ती म्हणाली, ‘आता समुद्र.’

हॉटेलात ती राहत नाही. या चादरीवर आपल्या आधी कोण झोपलं असेल, या विचारानं तिला झोप लागत नाही. तोडगा हिंगणघाटच्या भाच्यानं काढला. त्याचं गॅरेज आहे आणि फावल्या वेळात तो मोबाइलवर गोऱ्या म्हातारा-म्हातारीचे व्हिडिओ पाहतो. ती दोघं गाडीतच राहतात, एखाद्या शहराजवळचा किनारा गाठतात, मागचं दार उघडून पाय हलवत कॉफी पितात, आणि महिना-महिना त्यांना कोणी काही विचारत नाही. यातलं शेवटचं माझ्या मनात भरलं. आणि तिथेच मी फसलो.

भाच्यानं शाळेतून बाद झालेली एक टेम्पो ट्रॅव्हलर मिळवली. बाकं काढून पलंग बसवला. तो दुमडला की टेबल होतो आणि आपण जेवायला बसलो की पलंग होतो. शंभर लिटरची टाकी, पाच किलोचं सिलिंडर, छतावर सोलरचा पत्रा. पिवळा रंग घासून पांढरा दिला, पण ऊन तिरपं पडलं की ‘सावकाश, मुले आहेत’ ही अक्षरं खालून वर यायची. असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मंजुरी लागते. ती देणाऱ्या बाबूनं ‘आत पलंग कायले?’ असं मला विचारलं, मग बायकोकडे बघितलं, आणि उत्तर न ऐकताच सही केली.

बेत अलिबागचा होता. मुंबईच्या पलीकडचा किनारा. किहीम, नागाव, रेवदंडा करत मुरूडपर्यंत निवांत सरकायचं. ओहोटी लागली की अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, हे मी बायकोला इतक्या वेळा सांगितलं की ती ओहोटीसाठी वेगळ्या चपला घेऊन आली. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्यासाठीच केलाय अशा थाटात आम्ही चाचणीला निघालो आणि जामच्या चौकात गाडीनं वाफ सोडली. भाचा आला, बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ राहिला आणि म्हणाला, ‘मामा, गाडी चांगली आहे. फक्त लांब नेऊ नका.’

मग जवळचा समुद्र शोधणं आलं. विदर्भात तो एकच, गोसीखुर्दचा. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 1988 सालची, दरवाजे 33, आणि पाणी मागे पसरत पार अंभोऱ्यापर्यंत आलेलं. कुही तालुक्यातलं अंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर, आणि नागपूर तसं जवळ. इतकं जवळ की नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान इथे येते. शहराजवळचा किनारा हवा होता ना, शहरच किनाऱ्याला आलं. शिवाय मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ इथेच लिहिला असं अंभोरेकर ठासून सांगतात. मराठवाडेकर आंबेजोगाईचं नाव घेतात. त्या भांडणात मी पडत नाही, पण ग्रंथाच्या नावात सिंधू आहे. समुद्रपूरच्या माणसाला नावातला समुद्र पुरतो.

डिसेंबरात गिरड, उमरेड, वेलतूर करत आम्ही पोचलो. पाण्याकाठी सपाट जागा बघून गाडी लावली, दोन खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत एक गृहस्थ सायकलवरून उतरले.

‘गाडी कशाची आहे जी?’

‘आमचीच आहे.’

‘थे झालं. पन कशाची?’

‘राहायची.’

‘कोन राह्यते?’

‘आम्ही दोघं.’

ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. आत डोकावले. पलंग पाहिला, गॅस पाहिला, खुंटीवरची माझी लुंगी पाहिली. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘काऊन? घर नाही काय?’

मी म्हटलं, घर आहे, चांगलं स्लॅबचं आहे. हेच चुकलं. घर नाही म्हटलं असतं तर प्रकरण दोन भांडी आणि ब्लँकेटवर मिटलं असतं. स्लॅबचं घर असताना म्हातारी माणसं पाण्याकाठी गाडीत राहतात याचा अर्थ सगळ्या महाराष्ट्रात एकच होतो. गृहस्थांनी सायकल स्टँडवर लावली, माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि लांब पाण्याकडे बघत म्हणाले, ‘पोरं किती आहे तुमाले?’

पहिल्या दिवशी अजून सगळ्यांना बातमी पोचली नव्हती. काहींना ती डोळे तपासायची गाडी वाटली आणि चार म्हाताऱ्या रांगेत बसल्या. एकानं आधार कार्डावरचं नाव दुरुस्त होते का विचारलं. एक पोरगी ‘सावकाश, मुले आहेत’ वाचून आत मुलं शोधून गेली. हे सगळं मी हसून घेतलं. संध्याकाळी मात्र एक बाई डब्यात वैनगंगेच्या झिंग्यांचा रस्सा आणि भात घेऊन आल्या. डबा बायकोच्या हातात दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘सून कशी आहे, माय?’

आता आमच्या घरात सून हा विषय रोज अर्धा तास असतो. ती आणि पोरगा नागपुरात राहतात, तरी असतो. ती कणीक सैल भिजवते, भाजीत सांबार म्हणजे कोथिंबीर टाकत नाही, फोन स्पीकरवर ठेवते. पण परक्या बाईनं दयेनं विचारताच बायकोच्या अंगात वकील संचारला. ‘माही सून लाखात एक आहे,’ म्हणाली. ‘मले जाग्यावर चहा देते.’ हे मी प्रथमच ऐकत होतो. बाईंनी डोळ्याला पदर लावला. पोटच्यांवर पांघरूण घालणारी माउली त्यांनी आधीही पाहिलेली असावी. बायको जितकं सुनेचं गुणगान करी, तितकी सून त्या बाईंच्या नजरेत काळी होत गेली.

झिंगे मात्र अप्रतिम होते.

रात्र थंडीत गेली. पत्र्याची गाडी रात्री माठासारखी गार पडते हे व्हिडिओतल्या म्हाताऱ्यानं सांगितलं नव्हतं. पहाटे मी दार उघडलं तर धुकं पाण्यावर उतरलेलं. पलीकडचा भंडारा जिल्हा नाही, तो नवा झुलता पूल नाही, त्याच्या उंच खांबावरची गॅलरी नाही, जलपर्णीसुद्धा नाही. बायको शाल गुंडाळून शेजारी बसली. ‘तिकडचं काहीच दिसत नाही,’ म्हणाली. ‘मंग हा समुद्रच झाला.’ बराच वेळ आम्ही पाय हलवत बसलो. आम्हाला कोणी काही विचारलं नाही. साधारण बारा मिनिटं.

मग धुक्यातून डोंगा आला. त्यातल्या ढिवरबुवांनी आम्हाला फिरवून आणलं. पाण्यातून वाळल्या झाडांची ठुठं वर आलेली होती. त्यातल्या एकाकडे वल्हं करून ते म्हणाले, ‘थो आमच्या वावराचा आंबा.’ घर त्याच्या पलीकडे होतं, पाण्याखाली. पुनर्वसनाच्या गावात त्यांना प्लॉट मिळाला, पण खिडकी भलत्याच दिशेला आली. थोड्या वेळानं त्यांनी वल्हं थांबवलं. ‘आमाले उठवलं म्हून आमी निंगालो, गुरुजी. तुमाले कोनं उठवलं?’ हौसेनं आलो, हे मला त्या जागी काही सांगता येईना. मी गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्याचा गावानं दुपारपर्यंत कबुलीजबाब केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर गेला. मोबाइल टपरीवर चार्जिंगला दिला. माझ्या मोबाइलला कुलूप नसतं आणि नंबर सरळ ‘मुलगा नागपूर’ असा आहे. इकडे गाडीपाशी बैठक भरली. एक बुवा तंटामुक्त समितीचे माजी अध्यक्ष होते. 2007 साली ती मोहीम आली तेव्हापासून तंटा दिसला की त्यांना राहवत नाही. दुसरा कायद्याचा विद्यार्थी. त्यानं सांगितलं की त्याच 2007 साली आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला आणि पोराकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत मिळू शकतात. ‘अर्ज मी लिहून देतो,’ म्हणाला.

‘दहा हजार?’ बायको म्हणाली. तिचा आवाज मला आवडला नाही.

माझ्याकडून कोणीच काही ऐकून घेत नव्हतं. मी फळ्यावर शिकवल्यासारखं समजावलं की आम्ही पर्यटनाला आलो आहोत. सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलं आहे. माजी अध्यक्षांनी मान डोलावली. ‘बरोबर आहे, गुरुजी. पोरं असंच समजावून पाठवते.’

तिन्हीसांजेला चार्ज झालेला मोबाइल परत आला तो वाजतच. पलीकडे पोरगा जवळजवळ रडत होता. ‘बाबा, तुम्ही कुठे आहात? मला तुमच्याच फोनवरून कोणीतरी विचारतंय, लाज आहे का म्हणून. हिला बोलावून घेतलं लाइनवर. कणीक सैल भिजवते हे त्यांना कसं माहीत?’

मी बायकोकडे पाहिलं. ती सिलिंडर हलवून बघत होती.

तिसऱ्या दिवशी पोरगा आणि सून कार घेऊन हजर. चाळीसेक माणसं जमली होती. आमची सून हुशार आहे, हे मला मान्य करावं लागेल. तिनं परिस्थिती एका नजरेत ओळखली, कारमधून उतरताच डोक्यावर ओढणी घेतली आणि धुळीत वाकून बायकोच्या पाया पडली. असं ती लग्नातही वाकली नव्हती. झिंगेवाल्या बाई हुंदके देऊ लागल्या. माजी अध्यक्षांनी पोराला बाजूला घेऊन अर्धा तास शिकवलं. तो ‘हो जी, चुकलं जी’ म्हणत होता. काय चुकलं ते त्याला अजून कळलेलं नाही. मग सगळ्या गावासमोर आम्हाला घरी न्यायची कबुली झाली, वांग्याची भाजी आणि वरणभाताची पंगत झाली, आणि सायकलवाल्या गृहस्थांनी माझी लुंगी घडी करून पिशवीत ठेवली.

गाडी आता अंगणात उभी आहे. यंदा भाव पडले म्हणून आम्ही तिच्यात कापूस भरला होता. तो गेल्यावर पलंग पुन्हा मोकळा झाला. अंभोऱ्याहून महिन्याकाठी एक फोन येतो. परवा सून आली होती, स्वयंपाकघरात सांबार टाकण्यावरून विषय निघाला होता, म्हणून मी चहा घेऊन बाहेर येऊन बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला.

‘गुरुजी, बराबर आहे ना सगळं? घरातच राह्यता ना आता?’

‘हो जी,’ मी म्हटलं, आणि गाडीचं दार आतून ओढून घेतलं.