पाहुण्याचं नाक

“जावईबापू, घर बंद होतं का हो?”

मामेसासऱ्यांनी एक चप्पल काढली होती, दुसरी अजून पायातच होती. घरातली सगळी माणसं समोर हजर, टीव्ही चालू, आणि हा प्रश्न. “नाही मामा, आम्ही इथंच राहतो,” म्हणालो. “असं होय!” म्हणाले. तो सूर अजून कानात आहे.

डोंबिवलीत, तळमजल्यावर, ऐन श्रावणात घराला कुबट वास येणार, यात नवल ते काय? पण माणसाचं नाक लबाड. एकच वास सारखा येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. म्हणून घरच्यांना घराचा वास येत नाही आणि पाहुण्याला उंबऱ्यावरच येतो. (खात्री करायची असेल तर पाव तास फाटकाशी जाऊन उभं राहावं आणि परत आल्यावरचे पहिले दोन श्वास तेवढे खरे धरावेत.) एवढ्याशा भांडवलावर पाहुणा तज्ज्ञ होऊन बसतो, हा माझा राग आहे.

मामांनी हात पाठीमागे बांधले आणि तपासणी सुरू केली. सोफ्यामागे वाकले. कपाटाच्या फटीला नाक लावलं. मग खोलीच्या मधोमध उभे राहून निकाल दिला, “उंदीर.”

“उंदीर नाहीये मामा.”

“म्हणजे जिवंत नाहीये. वारलाय. पण ताजा नाही.”

“ओल आहे हो. पावसाळ्यात—”

“आमच्या शेजाऱ्यांकडे अगदी असाच वास यायचा. तेही ओल, ओलच म्हणायचे.”

“मग? उंदीर निघाला?”

“नाही. त्यांनी फ्लॅट विकला.”

यावर काय बोलणार? मामांनी देवघरातली कापराची डबी मागवली आणि अर्धी स्टीलच्या ताटलीत उपडी केली. ज्योत विझते म्हणून पंखा बंद करायला लावला. मग खिडक्या लावायला लावल्या. का, तर “सुवास बाहेर जाईल ना!” कापराने पेट घेतल्यावर त्या जाळावर त्यांनी मूठभर ऊद टाकला. ऊद तडतडला, वितळला आणि त्यातून काळा धूर निघाला. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते, “आता कसं प्रसन्न वाटतंय!” वरच्या मजल्यावरून फोन आला, काही जळतंय का? मामा सोफ्यावरूनच म्हणाले, “सांगा, होम चालू आहे.”

जाताना दारात भाचीच्या कानाशी लागले, पण मला ऐकू येईल इतपत मोठ्याने. “पोरी, वास आहेच गं. आता त्यात धूर मिसळलाय.”

मिसळणारच. ऊद हा डिंक आहे, त्याला जाळ लागत नाही, निखारा लागतो. करवंटीचा दोन बोटं रुंद तुकडा सांडशीत धरून गॅसवर पेटवायचा, ज्वाला विझून तो लाल झाला की धुपाटण्यात राखेवर ठेवायचा. निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचं आणि मग चिमूटभर ऊद. मूठभर नव्हे, चिमूटभर! गुग्गुळाचंही तसंच. आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण धूर कितीही पवित्र असला तरी त्यातले बारीक कण फुप्फुसात जातातच. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर हा कार्यक्रमच नको. कापूर न पेटवताही वाटीत नुसता उडून जातो. तेवढाच वास पुरे, फक्त वाटी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, कारण कापूर पोटात गेला तर विष आहे. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच.

पण हे सगळं झाकणं झालं. बाजारात डब्यातून फवारायचे सुगंध मिळतात, त्यावर ‘समुद्राची झुळूक’ असं लिहिलेलं असतं. मुंबईत ससून डॉकच्या मासळीच्या धक्क्यावर पहाटे उभं राहिलेल्या माणसाने ही कल्पना नक्कीच काढलेली नाही. आपल्याकडे बकुळ आहे, वाळल्यावरही वास न सोडणारी. साड्यांच्या घडीत ठेवायला केवड्याचं पान आहे. मोगऱ्याची वाटी आहे, पण तिचं पाणी दुसऱ्या दिवशी बदललं नाही तर तेच कुजून घाण मारतं. निशिगंधाच्या फुलदाणीचंही पाणी रोज बदलावं आणि देठाचं टोक थोडं कापावं. वाळ्याचा सल्ला देणारे तर दर गल्लीत भेटतात. अहो, वाळ्याचे ओले पडदे नागपूरच्या मे महिन्यासाठी असतात! तिथल्या कोरड्या हवेत पाणी उडतं, म्हणून गारवाही येतो आणि वासही. डोंबिवलीच्या ऑगस्टात पाणी उडतच नाही, ओलं गवत तेवढं टांगलेलं राहतं आणि चार दिवसांत त्यालाच बुरशी येते. कोरडी जुडी कपाटात ठेवा, ती उत्तम.

वास घालवायचा तर आधी तो आंबट आहे की माशाचा ते ओळखावं लागतं. बोंबील, सुकट, बांगडा यांच्या वासामागे अमाइन नावाची, आम्लाच्या उलट गुणाची द्रव्यं असतात आणि ती आम्लाला शरण जातात. त्यांचा आम्लाबरोबर क्षार, म्हणजे मिठासारखा पदार्थ, बनतो आणि तो हवेत उडत नाही. म्हणून तर हाताला लिंबू, चिंच किंवा आमसूल चोळतात. तळण चालू असताना शेजारी पसरट वाडग्यात पांढरं व्हिनेगर ठेवावं आणि ओटाही त्यानेच पुसावा. मात्र ओटा कडाप्प्याचा, शहाबादीचा किंवा संगमरवराचा असेल तर खबरदार! तिन्ही चुनखडीचे दगड, व्हिनेगर पडलं की कायमचा डाग. ग्रॅनाइटला चालतं. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू निघतो.

घाम, बूट, आंबलेलं दूध हे वास उलट्या जातीचे, म्हणजे आम्लाचे. घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा तो ओला वासही त्यांतलाच. २०१२ साली जपानी संशोधकांनी त्याच्या मुळाशी मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जीवाणू असल्याचं दाखवलं. तो जे सोडतो तेही एक आम्लच. इथे खाण्याचा सोडा लागतो. सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. वाटीत ढीग करून ठेवला तर वरचा थर तेवढा काम करतो, म्हणून तो ताटलीत पातळ पसरावा आणि महिन्या-दीड महिन्याने बदलावा. अख्ख्या खोलीचा वास सोडा ओढत नाही, ओढतो असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं. त्याचं राज्य बुटांच्या कपाटापुरतं आणि फ्रिजपुरतं. गादीवर तो चाळणीने भुरभुरवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी ब्रशने झाडावा.

लिंबाची साल, चार-पाच लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि वेलदोड्याची टरफलं तीन कप पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवली की घर छान घमघमतं. हिवाळ्यात. पावसाळ्यात तेच तीन कप पाणी आपण आपल्या हाताने भिंतींना पाजतो. एक बादली कपडे घरात वाळले तरी लिटर-दीड लिटर पाणी हवेत जातं, त्यात ही भर कशाला?

आणि झाडं! १९८९ साली नासाने बंद पेटीत कुंड्या ठेवून प्रयोग केले, तेव्हापासून प्रत्येक नर्सरीवाला हवा शुद्ध करतो आहे. पुढे २०१९ साली अशा प्रयोगांचा हिशेब मांडला गेला. नुसत्या खिडकीतून जितकी हवा बदलते त्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. तेवढ्या कुंड्या लावल्यावर मामांना उभं कुठे करायचं?

तेव्हा खिडकी. पाऊस थांबून ऊन पडलं की समोरासमोरच्या दोन उघडायच्या, दहा-पंधरा मिनिटं. एक्झॉस्ट पंखा लावताना दुसरीकडून हवा आत यायला फट ठेवायची, नाहीतर पंखा नुसता आवाज करतो. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट तीन-चार इंच पुढे ओढायचं. खडे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागतं. बंद कपाटात ते चालतं, पण वाटीखाली बशी हवी, नाहीतर खारं पाणी सांडून लोखंडी फळी गंजते.

हे सगळं करूनही वास राहिला तर भिंतीला विचारावं. फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर दोष घरातल्या हवेचा. भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय आणि मग कापूर, सोडा, वाळा सगळं व्यर्थ. बाहेरून गळती बंद करणं, एवढाच उपाय.

आमच्याकडे थेंब भिंतीच्या बाजूला आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणून दाखवले. ते म्हणाले, “प्लॅस्टिकमुळे भिंतीला घाम आला असेल.” मग लेखी अर्ज दिला. तो वार्षिक सभेत ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात घेतला गेला. पार्किंगवर दीड तास भांडण झाल्यावर तो विषय आला, तेव्हा समोसे आले होते आणि कोरम गेला होता.